पहाटेचं दूध आदल्या दिवशीच्या खात्यात: कंटेनरपासून एआय मदतनिसापर्यंत

"दादा, बिलावर नुसतं चौकोनच चौकोन आल्यात. माणसांची नावं कुठं गेली?"

मामेभावाचा हा फोन सकाळी साडेसहाला आला. तो गावाकडच्या दूध संस्थेत लिपिक आहे आणि त्या संस्थेसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सभासद दूध घालतो, लिटर, फॅट आणि एसएनएफची (म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन पदार्थांची) नोंद होते, हातात पावती पडते आणि दर दहा दिवसांनी सगळ्या पावत्यांचं मिळून बिल निघतं. आदल्या रात्री मी हा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवरून भाड्याच्या एका सर्व्हरवर हलवला होता. लॅपटॉपवर बिल सुरेख छापलं जायचं. सर्व्हरवर आकडे बरोबर, रुपये बरोबर, फक्त जिथे मराठी नाव हवं तिथे रिकाम्या चौकटींची रांग.

कारण सापडलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट होता. तो मी कधी टाकला नव्हता, यंत्राबरोबरच आला होता, त्यामुळे आपला प्रोग्राम त्याच्यावर उभा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सर्व्हरवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम अगदी काटकसरीची होती, त्यात तो फॉन्ट नव्हता. अक्षराचं चित्र हाती नसलं की छापणारा प्रोग्राम त्या जागी चौकोन काढतो.

प्रोग्रामरच्या जगात यासाठी एक वाक्य रूढ आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." हे वाक्य खोटं नसतं. पण जे चालतं तो नुसता कोड नसतो. कोडच्या अवतीभवती भाषेची विशिष्ट आवृत्ती असते, दहा-वीस लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड असतात, फॉन्ट असतात, घड्याळाची सेटिंग असते, कधी काळी केलेली आणि विसरलेली एखादी दुरुस्ती असते. हे सगळं मिळून प्रोग्राम चालतो, आणि यातलं बहुतेक कुठेच लिहिलेलं नसतं.

गेल्या वीस वर्षांत प्रोग्रामरच्या हाताशी आलेली महत्त्वाची साधनं मला एकाच कामाला जुंपलेली दिसतात. एकाच्या डोक्यात किंवा एकाच्या यंत्रात जे गृहीत धरलेलं असतं ते लिहून काढायचं, म्हणजे दुसऱ्याला ते तसंच्या तसं उभं करता येतं आणि तपासता येतं. एआय मदतनीस या रांगेत सर्वांत शेवटी आला. आधीची साधनं हाताशी नसतील तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी या दूध संस्थेच्या प्रोग्रामलाच धरून चालतो.

पेटीत बसलेला प्रोग्राम

कंटेनर हा शब्द बंदरावरून आलेला आहे. पूर्वी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पिंपं, खोकी, प्रत्येक नग वेगळा उचलायचा. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं, तिथून हे चित्र पालटत गेलं. पेटी ठरावीक मापाची असली की आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नसतं. न्हावाशेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरवर लादलेल्या त्या रंगीत पेट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आत कांदे असोत की कापड, पेटीच्या कोपऱ्यांची पकड सारखीच.

सॉफ्टवेअरच्या कंटेनरचंही तसंच. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, फॉन्ट, सेटिंग असं सगळं एका पेटीत भरायचं आणि पेटी जिथे न्याल तिथे तिने सारखंच वागायचं.

याआधीही एक उपाय होता, व्हर्च्युअल मशीन. एका संगणकाच्या पोटात दुसरा अख्खा संगणक असल्याचा देखावा उभा करायचा, त्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. पक्कं काम, पण जड. प्रत्येक भाडेकरूसाठी वेगळा बंगला बांधण्यासारखं. कंटेनर म्हणजे चाळ. खोल्या वेगळ्या, दारं वेगळी, पण पाया एक आणि पाण्याची टाकी एक. तो सामाईक पाया म्हणजे कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो प्रत्यक्ष प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कशी बोलतो. बंगला बांधायचा नसल्यामुळे कंटेनर बहुधा सेकंदभरात सुरू होतो.

खोल्यांच्या भिंती कशाच्या, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला एक क्रमांक असतो. कंटेनरच्या आत जाऊन माझ्या दूधवाल्या प्रोग्रामचा क्रमांक पाहिला, तर तो १ दिसतो, जणू संगणकावर सर्वांत आधी तोच उठला. बाहेर येऊन सर्व्हरवर पाहिलं, तर त्याच प्रोग्रामचा क्रमांक काही हजारांत असतो. प्रोग्राम एकच, पण आतून त्याला फक्त स्वतःचंच जग दाखवलं जातं. स्वतःच्या फाइली, स्वतःचं नेटवर्क, स्वतःची क्रमांकांची यादी. काय दिसावं हे ठरवणाऱ्या या सोयीला नेमस्पेस म्हणतात. किती वापरता यावं, म्हणजे मेमरी इतकी आणि प्रोसेसरचा वेळ इतका, हे ठरवणारी दुसरी सोय म्हणजे सीग्रुप. पहिली दृष्टी बांधते, दुसरी शिधा बांधते. कंटेनर म्हणजे या दोन्हींच्या आत चालणारा साधा प्रोग्राम. त्यापलीकडे काही जादू नाही.

यातलं काहीच एका रात्रीत आलेलं नाही. एखाद्या प्रोग्रामला फाइलींचा ठरावीक भागच दाखवायचा, ही युक्ती लिनक्सच्या आधीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९७९ सालची. लिनक्समध्ये नेमस्पेसची सुरुवात २००२ मध्ये झाली. सीग्रुपवर गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या कर्नेलमध्ये आलं. साहित्य सगळं होतं, पण ते एकत्र बांधणं जाणकारांनाच जमायचं. मार्च २०१३ मध्ये सँटा क्लारा इथे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर हे साधन दाखवलं. डॉकरने कर्नेलमध्ये नवं काही घातलं नाही. पेटी भरायची कशी, तिला नाव काय द्यायचं, ती पाठवायची कशी आणि उघडायची कशी, याची सोपी रीत घालून दिली. माझ्या मते हाच त्याचा खरा पराक्रम. मॅक्लीननेही लोखंडाचा शोध लावला नव्हता.

पेटी कशी भरायची हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं असतं. तिला डॉकरफाइल म्हणतात. माझी फाइल आठ-नऊ ओळींची आहे. पहिली ओळ सांगते की पायथनची अमुक आवृत्ती असलेल्या तयार पेटीपासून सुरुवात कर. दुसरी सांगते, लोहित देवनागरी हा फॉन्ट बसव. चौकोनांचा सगळा घोळ या एका ओळीने मिटला. पुढे लायब्ररींची यादी, मग माझा कोड, आणि शेवटी कोणती आज्ञा देऊन प्रोग्राम सुरू करायचा ते. ही फाइल वाचली की प्रोग्राम कशाकशावर उभा आहे ते कुणालाही कळतं. उद्या मी नसलो तरी.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा असतो. जवळजवळ प्रत्येक ओळीमागे पेटीत एक थर चढतो, आणि डॉकर ते थर जपून ठेवतं. कोडमध्ये एक अक्षर बदललं तर त्याच्या खालचे फॉन्टचे आणि लायब्ररींचे थर जुनेच वापरले जातात, फक्त वरचे नव्याने होतात. म्हणून क्वचित बदलणाऱ्या गोष्टी खालच्या थरात, म्हणजे फाइलीत आधी, आणि रोज बदलणाऱ्या वरच्या थरात, म्हणजे नंतर. सुरुवातीला मी कोड लायब्ररींच्याही खालच्या थरात ठेवला होता, तेव्हा दर छोट्या बदलाला सगळ्या लायब्ररी नव्याने उतरवाव्या लागायच्या. दोन ओळींची अदलाबदल केली आणि कित्येक मिनिटांचं काम काही सेकंदांवर आलं.

पाच वाजून दहा मिनिटं

नावं दिसू लागली, मी निर्धास्त झालो. दहाव्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज गंभीर होता, कारण प्रश्न पैशांचा होता. अकरा तारखेचं सकाळचं दूध काही सभासदांच्या पहिल्या बिलात, म्हणजे एक ते दहा तारखेच्या बिलात लागलं होतं. सगळ्यांचं नाही, जे पहाटे लवकर येतात त्यांचंच.

जे पहाटे लवकर येतात, हे शब्द कानावर पडले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंटेनरमधलं घड्याळ, वेगळं काही सांगितलं नाही तर, बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. गावात अकरा तारखेला पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झालेली असतात तेव्हा त्या घड्याळात दहा तारखेच्या रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं असतात. म्हणजे साडेपाचच्या आधी आलेलं दूध आदल्या दिवशी, आणि नंतर आलेलं त्याच दिवशी. रांगेत पुढे उभा असलेला माणूस कालच्या तारखेत, मागे उभा असलेला आजच्या. लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नाही, कारण लॅपटॉपचं घड्याळ भारताचंच होतं.

पेटीमुळे चूक टळत नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. पेटीमुळे चूक सगळीकडे सारखी होते. हाही मोठा फायदा आहे, कारण मग ती माझ्या लॅपटॉपवरही तशीच करून दाखवता येते. मी तीच पेटी घरी चालवली, पाच वाजून दहा मिनिटांची नोंद घातली आणि तारीख मागे गेलेली डोळ्यांनी पाहिली. डॉकरफाइलमध्ये भारताच्या वेळेची एक ओळ वाढली. पण त्याहून महत्त्वाचं काम मी कोडमध्ये केलं. प्रत्येक नोंद कोणत्या वेळेच्या हिशेबाने आहे, ते त्या नोंदीबरोबरच साठवायला सुरुवात केली.

कंटेनरबद्दल आणखी दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. पाया सामाईक असल्यामुळे भिंत अभेद्य नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या घटकात अशी फट सापडली की कंटेनरच्या आतला दुष्ट प्रोग्राम बाहेरच्या मूळ यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. फट बुजवली गेली, पण धडा राहिला. अनोळखी कोड चालवायचा तर नुसत्या कंटेनरवर विसंबू नये. दुसरं, पेटी सगळं बरोबर नेते, प्रोसेसर नेत नाही. एआरएम चिपच्या मॅकवर भरलेली पेटी इंटेलच्या सर्व्हरवर तशीच चालत नाही, त्या चिपसाठी वेगळी भरावी लागते.

कुबरनेटीसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेकडो पेट्या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या असतील, एखादी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी आपोआप उभी राहायला हवी असेल, तर हे सुकाणू हातात घेणारं साधन. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही सुकाणू धरणारा असाच. मोठ्या बँकेला, रेल्वे तिकिटांसारख्या सेवेला ते लागू शकतं. एका दूध संस्थेला लागत नाही. चाळीस-पन्नास माणसांच्या वापरासाठी कुबरनेटीस उभं करून मग ते सांभाळण्यात आठवडे घालवणारे तरुण मित्र मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. गावाला रिक्षा पुरत असेल तर मालगाडी मागवू नये.

वही आणि पहारेकरी

घड्याळाची चूक कोणत्या दिवशी, कोणत्या बदलामुळे शिरली हे मला पाच मिनिटांत सापडलं, याचं श्रेय बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाला. लिनक्सचा कर्नेल लिहिणारे लोक आधी ज्या साधनावर बदलांची नोंद ठेवत, त्याचा मोफत परवाना २००५ मध्ये काढून घेतला गेला. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

गिट म्हणजे बदलांची वही. प्रत्येक नोंदीत काय बदललं, कुणी बदललं, केव्हा आणि कशासाठी. नोंदीच्या मजकुरावरूनच एक लांबलचक ठसा काढला जातो आणि त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असतो. त्यामुळे जुन्या पानावर गुपचूप खाडाखोड केली तर पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षकाला आवडावी अशीच ही वही आहे. शिवाय तिची फांदी काढता येते. मूळ प्रोग्राम चालू ठेवून बाजूला प्रयोग करायचा, जमला तर मुख्य खोडात मिसळायचा, नाही जमला तर फांदी तोडून टाकायची. एआयच्या काळात या फांदीची किंमत फार वाढली आहे, त्याकडे येतोच.

वहीच्या जोडीला पहारेकरी लागतो. तो म्हणजे टेस्ट. टेस्ट हा प्रोग्रामला प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्रामच असतो. माझी एक टेस्ट अशी आहे: अकरा तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी साडेचार लिटर दूध घातलं, तर ते अकरा ते वीस या बिलातच यायला हवं. न आल्यास लाल दिवा. वहीत नवी नोंद झाली की दूरच्या एका यंत्रावर कोरी पेटी उघडते, तिच्यात सगळ्या टेस्ट चालतात आणि सगळं हिरवं झालं तरच नवा कोड सर्व्हरवर जातो. या व्यवस्थेला सीआय म्हणतात. पेटी कोरी असणं फार मोलाचं, कारण माझ्या लॅपटॉपवरची कोणतीही गुपचूप मदत तिथे मिळत नाही. फॉन्टची ओळ विसरलो, तर टेस्ट तिथेच लाल होते. पहाटे मामेभावाचा फोन यायची वेळ येत नाही.

मला विचाराल तर सगळ्या साधनांत टेस्टच सर्वांत कमी कौतुक झालेलं आणि सर्वांत गरजेचं साधन आहे.

राजेंद्र लक्

आता एआय. २०२१ च्या जूनमध्ये गिटहब कोपायलट हा एआय मदतनीस चाचणीसाठी खुला झाला, आणि प्रोग्रामर ज्यात कोड लिहितो त्या एडिटरमध्ये पुढची ओळ आपोआप उमटू लागली. त्यामागे ओपनएआय या कंपनीचं कोडेक्स हे मॉडेल होतं, जाहीरपणे उपलब्ध असलेल्या प्रचंड कोडवर शिकवलेलं. या मॉडेलांचं मूळ काम एका वाक्यात सांगता येतं. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता जास्त, ते ठरवायचं, तो लिहायचा, आणि पुन्हा तेच. कोडमध्ये ठरावीक वळणं वारंवार येतात, म्हणून हे काम तिथे फार चांगलं जमतं. यादी उलटी करणं, तारीख वाचणं, फाइल उघडणं, असं लाखो वेळा लिहिलं गेलेलं काम ते पटकन आणि नीट लिहितं.

गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक मोठी पायरी चढली गेली. मॉडेलला हात मिळाले. आता ते नुसतं सुचवत नाही. फाइली स्वतः वाचतं, बदल करतं, टेस्ट चालवतं, आलेली चूक वाचून पुन्हा बदल करतं, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत हे चक्र चालू ठेवतं. याला एजंट म्हणतात. चांगला एजंट पाहताना खरोखर थक्क व्हायला होतं, हे मी मोकळेपणाने सांगतो. जुन्या कोडमधली आठ फाइलींत पसरलेली दुरुस्ती, जी मी रविवारसाठी राखून ठेवली होती, ती एका एजंटने माझा चहा होईपर्यंत केली, आणि ती बरोबर होती.

म्हणूनच पावतीचं काम मी त्याच्यावर सोपवलं. छोट्या थर्मल प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर रुंद असतो आणि एका ओळीत ३८४ ठिपके छापले जातात. नावाची जागा तोकडी. मी सांगितलं, नाव बारा अक्षरांपेक्षा मोठं असेल तर बाराव्या अक्षरावर काप. एजंटने कोड लिहिला, टेस्टही स्वतःच लिहिल्या, सगळ्या हिरव्या झाल्या. मी वरवर नजर टाकली आणि मिसळून दिलं. दुसऱ्या दिवशी राजेंद्र लक्ष्मण नावाच्या सभासदाच्या पावतीवर छापलेलं होतं "राजेंद्र लक्".

हाताने मोजून पाहा. रा, जें, द्र. ल, क्ष्म, ण. सहाच अक्षरं. बाराची मर्यादा असताना सहा अक्षरांचं नाव कापलं कसं गेलं? कारण संगणक अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे, घटक मोजतो. र, काना, ज, मात्रा, अनुस्वार, द, हलन्त, र. राजेंद्र या तीन अक्षरांचे झाले आठ. मधली मोकळी जागा नववी. मग ल दहावा, क अकरावा आणि त्याचा हलन्त बारावा. तिथे सुरी पडली. डोळ्यांना सहा अक्षरांचं दिसणारं हे नाव संगणकाच्या लेखी सोळा घटकांचं आहे.

आणि टेस्टनी हे पकडलं का नाही? टेस्टमधली नावं होती रमेश, सुरेश आणि दोन इंग्रजीत लिहिलेली नावं. ज्याने कोड लिहिला त्यानेच परीक्षेचे प्रश्न काढले, त्यामुळे जे कोडला सुचलं नाही ते प्रश्नांनाही सुचलं नाही. मॉडेल ज्या कोडवर शिकलं त्यात इंग्रजी मजकुराचाच भरणा असतो, आणि इंग्रजीत एक अक्षर म्हणजे बहुतेक वेळा एकच घटक. त्या जगात त्याचं उत्तर बरोबर होतं. जोडाक्षर हा त्याच्यासाठी आडवळणाचा अनुभव आहे. आपल्यासाठी ते रोजचं नाव आहे, आणि पावतीवर ते धड छापलं जावं हा त्या माणसाचा हक्क आहे.

चूक दाखवल्यावर एजंटने लगेच दुसरा मार्ग काढला. घटक न मोजता वाचकाला जे एक अक्षर वाटतं ते मोजणारी लायब्ररी आणली. युनिकोडने अशा अक्षरगटांचे नियम घालून दिलेले आहेत. गंमत अशी की त्या नियमांतही हलन्तानंतर तोडायला परवानगी होती. देवनागरीसारख्या लिप्यांतलं जोडाक्षर अखंड मानावं हा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये, युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला. एजंटने निवडलेली लायब्ररी त्याआधीची होती. शेवटी अक्षरं मोजणंच सोडलं. नाव फॉन्टमध्ये आखून त्याची रुंदी ठिपक्यांत मोजायची, आणि बसत नसेल तर आकार लहान करायचा. हा निर्णय माझा, त्याचा कोड एजंटचा. कामाची ही वाटणी मला योग्य वाटते.

वेगाबद्दलही सावध राहावं लागतं. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच नित्याच्या प्रकल्पांतली २४६ कामं. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत नाही. एआयची मुभा असलेल्या कामांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे काम संपल्यावरही त्या लोकांना वाटत होतं की आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं. प्रयोग लहान आहे, साधनं तेव्हाची आहेत, आणि हे लोक स्वतःचा कोड तळहातासारखा ओळखणारे होते. अनोळखी भाषेत नवं काही उभं करताना माझा अनुभव याच्या उलट आहे. पण वेग वाटणं आणि वेग असणं यांत अंतर असतं, एवढं मी त्यातून पक्कं घेतलं आणि तेव्हापासून वेळ लिहून ठेवू लागलो.

आणखी एक धोका सांगायलाच हवा. मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव अगदी खात्रीने सांगतं. नाव पटण्यासारखं असतं, म्हणून आपण ते बसवायची आज्ञा देतो. कुणी लबाडाने त्याच नावाची लायब्ररी आधीच तयार करून ठेवली असेल, तर त्याचा कोड आपल्या यंत्रात शिरतो. म्हणून नव्या लायब्ररीचं नाव आलं की ती कुणाची, किती जुनी, कोण वापरतं, हे मी स्वतः पाहतो. त्याला पर्याय नाही.

इथे आधीची सगळी साधनं पुन्हा कामाला येतात. मी एजंटला मोकळ्या लॅपटॉपवर सोडत नाही, कंटेनरमध्ये बसवतो. तिथे संस्थेचा खरा डेटाबेस नसतो, पासवर्ड नसतात, मनाने रचलेले सभासद असतात. काम गिटच्या वेगळ्या फांदीवर चालतं, त्यामुळे काय काय बदललं ते ओळीओळीने दिसतं, आणि नको असेल तर फांदी टाकून देता येते. मुख्य खोडात यायचं तर सीआयचा पहारा ओलांडावा लागतो. आणि पहाऱ्यावरचे प्रश्न माणसाने काढलेले असतात, एजंटने नाही.

ते प्रश्न काढायला आता मी मामेभावालाच बसवलं आहे. त्याला कोड येत नाही, पण संस्थेत कोणकोण येतं ते त्याला पाठ आहे. गेल्या महिन्यात त्याने फोनवर मला नावं सांगितली आणि मी ती टेस्टमध्ये उतरवत गेलो. जोडाक्षरांची नावं, एकाच नावाचे तीन सभासद, आडनाव न लावणारी एक आजी. यादीच्या शेवटी तो म्हणाला, "आणि कुऱ्हाडे घे. त्यांचं खातं दोनदा उघडलंय."

मी म्हणालो, दोनदा कसं, नाव शोधल्यावर सापडलं असतं ना?

"शोधलं की. न्हाई घावलं, म्हणून नवीन उघडलं."

दोन्ही खाती उघडून मी नाव घटकाघटकाने पाहिलं. दिसायला तंतोतंत सारखं. एक सचिवांच्या संगणकावर टंकलेलं, त्यात ऱ्ह साठी वेगळा ऱ वापरलेला, एकूण आठ घटक. दुसरं मोबाइलवरून, साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं एक जोडचिन्ह, एकूण नऊ घटक. युनिकोड या दोन लेखनांना एकच मानत नाही, त्यामुळे तयार लायब्ररीचाही उपयोग नव्हता. मी एजंटला दोन्ही रूपं दिली, एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून मगच शोध घ्यायला सांगितलं, आणि त्याआधी टेस्ट स्वतः लिहिली. मोबाइलवरून टंकलेलं कुऱ्हाडे शोधलं, तर सचिवांनी उघडलेलं जुनं खातं मिळायला हवं. आधी लाल दिवा लागला. वीस मिनिटांनी हिरवा झाला. दोन खात्यांतलं दूध मग मामेभावाने रजिस्टरशी ताडून हाताने एका खात्यात घेतलं.